पेणकर आणि रोहेकरांच्या वतीने

सन्माननीय अध्यक्षा महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, प्राचार्य, गाईड म्हणून आलेले अध्यापक, आणि एम.एस्सी. नर्सिंगचा शोधप्रबंध पुरा करण्यात गुंतलेल्या माझ्या भगिनींनो आणि बंधूंनो,

पेण आणि रोहे या दोन्ही तालुक्यांच्या वतीने आपलं मनःपूर्वक स्वागत. या परिषदेचं यजमानपद आमच्याकडे आलं, तेव्हा पाहुण्यांना आधी काय दाखवायचं यावरच आमची पहिली बैठक लांबली. पेणकर म्हणाले, गणपतीचे कारखाने. रोहेकर म्हणाले, धावीर महाराजांचं देऊळ. ज्या ग्रामदैवताच्या पालखीला पोलीस मानवंदना देतात, त्याच्या दर्शनाशिवाय पाहुणा परत जाईलच कसा? म्हणून आजचा दिवस पेणला आणि उद्याचा रोह्याला, असं ठरलं.

कारखाने जरूर पाहा. कुंभारआळीपासून हमरापूर-जोह्यापर्यंत घरोघर वर्षभर मूर्ती घडतात आणि सातासमुद्रापार जातात. साच्यातून मूर्ती निघते, सुकते, घासली जाते, रंगते. पण डोळ्यांची आखणी कारखान्यातल्या मुरलेल्या हातालाच मिळते. मूर्ती हजारावी असली तरी कारागीर बारीक कुंचला घेऊन तिच्यासमोर पहिलीसारखाच बसतो. ते जरा थांबून पाहा, एवढी विनंती.

रोह्याचं किती सांगू! पांडुरंगशास्त्री आठवले १९२० साली तिथे जन्मले. १९९६ साली मॅगसेसे आणि १९९७ साली टेम्पलटन पुरस्कार त्यांना मिळाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख रोह्याचेच. त्यांच्या पत्नी दुर्गाबाईंनी मद्रासमध्ये उभ्या केलेल्या आंध्र महिला सभेने रुग्णसेवा केली, परिचारिकाही घडवल्या. रोह्याच्या कुंडलिका नदीकाठच्या माणसांनी आज तुमच्या शास्त्राशी नातं सांगितलं, तर ते असं जुनं आहे.

पण माझा जीव अडकलाय तो पेण तालुक्यातल्या गागोद्यात. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा तिथे जन्मले, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांच्या आई रुक्मिणीबाईंचं नाव मात्र आमच्याकडेही फारसं कुणी घेत नाही. शेजारच्या घरात आजारपण आलं की त्या तिथे स्वयंपाकाला जात. पण आधी आपल्या घरचा उरकून मग. लहानग्या विनोबांनी विचारलं, हा आपलपोटेपणा नाही का? माउली म्हणाल्या, त्यांचा स्वयंपाक आधी करून ठेवला तर जेवणाच्या वेळेपर्यंत गार होईल. त्यांना गरम मिळावं म्हणून तिथे नंतर जाते. आजाऱ्याची जेवणवेळ आणि ताटातल्या अन्नाची ऊब, दोन्हींचा हिशेब या बाईंनी चुलीपुढे उभं राहून केला होता. शुश्रूषेच्या इतिहासात त्यांना ओळभर जागा मिळावी असं मला मनापासून वाटतं.

आणि असा हिशेब कागदावर उतरला की काय होतं, तेही याच जिल्ह्याने पाहिलं आहे. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली रुजू झाले. लाल विंचू चावला की धडधाकट माणसं दगावत. डॉक्टर रुग्णाच्या उशाशी बसून राहिले. घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय, नाडी, रक्तदाब टिपत गेले. १९८२ साली ‘लॅन्सेट’ने त्यांची निरीक्षणं छापली. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाने, पूर्वी शंभरात चाळीसच्या आसपास असलेले मृत्यू एकावर आले. २०२२ साली पद्मश्री मिळाली. ते डॉक्टर, तुम्ही परिचारिका. पण तासातासाला उशाशी कोण असतं, हे या सभागृहाला सांगायला नको.

म्हणून तुमच्या प्रबंधाबद्दल मला फार आस्था आहे. आमच्या समितीतल्या एका सिस्टरांनी मला सगळं समजावलं: सिनॉप्सिस, एथिक्स कमिटीची मंजुरी, टूल तपासून घेणं, पायलट स्टडी, मग डेटा, तोही ड्युटी सांभाळून, एखाद्या रुग्णाला मध्येच डिस्चार्ज मिळाला की तो नमुन्यातून गळाला. इतक्या कष्टाचं काम व्हायवा झाल्यावर कॉलेजच्या कपाटात राहू नये. प्रबंधाचं सार मराठीत दोन पानांत लिहून आमच्या वाचनालयाला द्या. ती पानं तालुक्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात पोचवण्याची जबाबदारी स्वागत समितीची.

आता व्यवस्थेबद्दल. वडखळजवळ काही जणांचा बराच खोळंबा झाला, त्यांची मनापासून क्षमा मागतो. निवास मंगल कार्यालयात आहे; गाद्या स्वच्छ आहेत, पण खोल्या कमी आहेत. गरम पाणी सकाळी पाचपासून मिळेल. पोस्टर लावायची जागा अपुरी पडली म्हणून व्हरांड्यात मांडव घातला आहे. नाईट ड्युटी करून थेट आलेल्यांसाठी मागच्या खोलीत पडायची सोय केली आहे. संकोच करू नका.

ज्यांच्यामुळे हे उभं राहिलं त्यांचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत. मूर्तिकार मंडळींनी प्रत्येक प्रतिनिधीसाठी शाडूची छोटी मूर्ती दिली. पोह्यांच्या गिरणीवाल्यांनी नाश्त्याचे पोहे, बचत गटांच्या ताईंनी पापड, धाटावच्या कारखानदारांनी बसगाड्या, औषध विक्रेत्यांनी पिशव्या आणि वह्या दिल्या. मांडववाले, आचारी, वीज सांभाळणारी मुलं, रात्री जागलेले स्वयंसेवक, सर्वांचा मी ऋणी आहे. ज्यांचं नाव राहिलं त्यांनी मला हक्काने अडवावं.

रात्री पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेलं जेवण आहे. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, सगळं आजच शेतावरून आलंय. शाकाहारींची मडकी वेगळी लावली आहेत. उद्या सकाळी सात वाजता रोह्याच्या बसगाड्या मंगल कार्यालयासमोरून सुटतील. दिवा–रोहा गाडीने येणाऱ्यांना घ्यायला रोहा स्टेशनवर आमची माणसं फलक घेऊन उभी असतील. अध्यक्षा महोदयांना विनंती करतो की त्यांनी परिषदेचं उद्घाटन करावं.