आठवणींचे देणे
(वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या मेळाव्यात भोजनोत्तर गप्पा रंगल्या की विषय कोणताही असो, तो अखेर कॉलेजच्या दिवसांवर येऊन ठेपतो. मुले कंटाळून उठून जातात. आम्ही मात्र होस्टेलच्या जिन्यावरच बसून राहतो. या ओढीचे मूळ कशात आहे आणि तिचे आपण काय करावे, एवढाच आजचा विषय आहे.

वैद्यकाच्या इतिहासात या ओढीची नोंद चक्क व्याधी म्हणून झालेली आहे. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द १६८८ साली योहानेस होफर या तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याने बाझेल येथील आपल्या प्रबंधात घडविला. 'घरी परतणे' आणि 'वेदना' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांची ती जोडणी होय. बर्नहून बाझेलला शिकावयास आलेल्या एका विद्यार्थ्याची हकिकत त्याने दिली आहे. घरापासून दूर झुरणीस लागलेल्या त्या मुलास घरी नेण्याची तयारी होताच उतार पडू लागला.

आमची तऱ्हा नेमकी उलट आहे. त्या विद्यार्थ्यास महाविद्यालयात असताना घर आठवले. आम्हांस घरी परतल्यावर महाविद्यालय आठवत राहिले. याचे कारण उघड आहे. गावात आमचे घर कोणत्या दिशेला आहे, एवढ्यावरून आमची जात कळत असे. वसतिगृहात मात्र प्रथमच आमचा पत्ता म्हणजे केवळ खोलीचा क्रमांक झाला. ज्या जागी माणूस प्रथम ताठ मानेने वावरतो, त्या जागेला त्याचे मन घर म्हणते.

आमच्यापैकी पुष्कळांचे हे घर म्हणजे औरंगाबादचे, आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, नागसेनवन. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि १९५० साली औरंगाबादेस महाविद्यालय सुरू केले. पुढे त्यास 'मिलिंद' हे नाव मिळाले आणि परिसराला 'नागसेनवन'. भिक्खू नागसेनाला निर्भयपणे प्रश्न विचारणारा राजा आणि त्याला उत्तरे देणारा भिक्खू, या दोघांच्या नावांच्या सावलीत आम्ही प्रश्न विचारावयास शिकलो.

पुढे आम्ही काहीजण वैद्यकीय शाखेकडे वळलो. मराठी माध्यमातून आलेल्या आम्हांस पहिले सहा महिने शरीररचनाशास्त्राहून इंग्रजीच अधिक अवघड वाटे. फॉर्मॅलिनचा वास हातांना चिकटलेला असे आणि त्याच हातांनी मेसची भाकरी मोडावी लागे. हाडांची पेटी वरच्या वर्गातील मुलांकडून निम्म्या किमतीत घ्यावयाची आणि ती तिघांत मिळून वापरावयाची. खोलीत नाव नसलेला, पण वर्षभर मुक्काम ठोकून असलेला मित्र 'पॅरासाईट' म्हणून ओळखला जाई. परजीवीशास्त्राचा आमचा अभ्यास तेथूनच सुरू झाला!

हसण्याच्या या गोष्टींत तितक्याच गंभीर गोष्टी मिसळलेल्या होत्या. अर्जातील धर्माच्या रकान्यात काय लिहावे, यावर रात्र-रात्र वाद चाले. कारण राज्याच्या सवलती बौद्धांना मिळत असल्या तरी केंद्राने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश केला तो १९९० साली. विद्यापीठ नामांतराचा ठराव १९७८ सालचा आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. आमच्या पदवीपत्रावर अजून जुनेच नाव आहे. त्या कागदावरही एक लढा लिहिलेला आहे.

बंधू-भगिनींनो, विद्यार्थिदशेची ओढ बाबासाहेबांनाही होती. ते १९१३ ते १९१६ या काळात याच देशात, कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९३० साली त्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात त्यांनी आपल्या जिवलग मित्रांत कोलंबियातील सहाध्यायांची आणि ड्युई, सेलिग्मन, शॉटवेल, रॉबिन्सन या गुरुजनांची गणना केली. त्या वेळी ते गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्ये होते. एवढ्या धकाधकीतही ते आपले वर्गबंधू विसरले नव्हते. पुढे त्यांनी स्वतः महाविद्यालये उभारली. आपल्याला जे लाभले ते इतरांनाही लाभावे, ही त्यामागची तळमळ असावी, असे आम्हांस वाटते. आठवणीने बांधकामाचे रूप घेतले, ते असे.

रुग्णाची हकिकत ऐकताना डॉक्टरास एक पथ्य पाळावे लागते. रुग्ण जे सांगतो ते ऐकावयाचे, आणि जे सांगत नाही ते विचारावयाचे. आपल्या आठवणींनाही हाच नियम लागू आहे. मेळाव्यास येतात ते पदवी घेऊन बाहेर पडलेले. मधूनच परतलेले येत नाहीत. ज्या तिघांनी हाडांची पेटी विकत घेतली, त्यांपैकी एकजण दुसऱ्या वर्षीच गावी गेला. शिष्यवृत्तीची रक्कम महिनोन्महिने आली नव्हती, मेसचे बिल थकले होते आणि घरी वडील अंथरुणाला खिळले होते. "परीक्षेपर्यंत पेटी तुमच्याकडेच असू द्या," एवढेच तो बोलला. त्या पेटीवर अभ्यास करून आम्ही दोघे डॉक्टर झालो. आज त्याचा मुलगा शिकतो आहे आणि दर १४ एप्रिलला पहाटे पहिला 'जयभीम' त्याचाच येतो. आमच्या पदवीत त्याचा वाटा एक तृतीयांश आहे.

म्हणून एक सूचना मांडतो. भारतात गेल्यावर आपण आपल्या जुन्या महाविद्यालयात जातो, इमारतीसमोर छायाचित्र काढतो. या खेपेस वसतिगृहाच्या रेक्टरांना आणि मेसवाल्याला भेटावे आणि कोणाचे बिल थकले आहे हे विचारावे. प्रवेश झाल्यापासून शिष्यवृत्ती हाती येईपर्यंतच्या महिन्यांतच शिक्षणाचा धागा तुटतो. एकेकाळच्या एका खोलीतील मित्रांनी मिळून एका विद्यार्थ्याचा पहिल्या वर्षाचा मेसखर्च उचलावा. त्यासाठी ना मोठा निधी लागतो, ना समारंभ.

आणि आपल्या मुलांना कॉलेजच्या गमती सांगताना, हाडांची पेटी ठेवून गेलेल्या मित्राचे नावही सांगावे. ती येथील डॉर्मिटरीत राहावयास जातील, तेव्हा खोलीचा क्रमांक म्हणजे काय असते, हे त्यांना उमगेल.

जयभीम! नमो बुद्धाय!