कूलर, फ्यूज आणि आपली मुले
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



उन्हाळ्यात आपल्या लोह्यास घरोघरी पत्र्याचे कूलर लागतात, आणि मुले त्यांस सहज हात लावितात. आतील तारेचे आवरण झिजले असल्यास २३० व्होल्टचा दाब त्या ओल्या पत्र्यावर येतो. अशा वेळी फ्यूज आपणांस तारील हा भ्रम होय. फ्यूज वितळण्यास कित्येक अँपिअर लागतात. माणसाचा प्राण जाण्यास ५० मिलिअँपिअरही पुरे होतात. फ्यूज तारेचा रक्षक आहे, माणसाचा नव्हे. आणि त्यात जाड तार घालणे म्हणजे घरास आग लावून घेणेच होय.

म्हणून उत्तम आर्थिंग, तीन पिनांचा प्लग व ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घरी असावाच. जमीन सुकली की आर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे. प्लग काढल्यावाचून कूलरमध्ये पाणी भरू नये. लग्नकार्यात हात सैल सोडणाऱ्या आपण हा अल्प खर्च जड मानू नये, एवढीच विनंती.