मानपान आणि संस्थाजीवन

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



शताब्दीच्या मंगल प्रसंगी संस्थापकांचे स्मरण करावे आणि संस्थेचा गौरव करावा, ही आपली रीत आहे. ते कार्य माझ्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने पार पाडले आहे. म्हणून मी थोडा निराळा विषय घेतो. संस्था घटनेवर चालते असे आपण म्हणतो; परंतु घटना कागदावर असते आणि सभा माणसांची असते. माणूस संस्थेच्या दाराशी वहाणा काढून ठेवतो. आपली जमीन, जात, घराणे आणि हुद्दा मात्र तो बाहेर ठेवून येत नाही. ‘एक सभासद, एक मत’ असे घटनेत लिहिलेले असताना सभेत कोण बोलतो, कोण गप्प राहतो आणि कोणाचे बोलणे इतिवृत्तात उतरते, हे कशावरून ठरते, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आपल्या गोमंतकात या प्रश्नाची मुळे फार खोल गेलेली आहेत. गावकरी ही आपली सर्वांत जुनी संस्था. अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने 1526 साली तिसवाडीतील गावकऱ्यांच्या चालीरीती लिहून काढल्या. त्या दस्तऐवजात सारा आणि जमीन यांच्याबरोबर मानाचीही नोंद आहे. पानविडा प्रथम कोणाला, कापणीचा आरंभ कोणी करायचा, हे प्रश्न राज्यकर्त्यांनाही कायद्याच्या योग्यतेचे वाटले, यातच सारे आले. गावकर आपापसांत वांगडीच्या क्रमाने बसत. कुळाचारी मात्र गावात पिढ्यान्‌पिढ्या राबूनही त्या बैठकीच्या बाहेरच राहत. सभा होती, चर्चा होती, निर्णयही सामुदायिक होते. पण समुदाय कोणता, हे जन्माने आधीच ठरलेले होते.

डिचोली आणि सत्तरी हे महाल 1781-82 च्या सुमारास, तर पेडणे 1788 साली पोर्तुगिजांच्या ताब्यात आले. या नव्या काबिजादींत देवस्थाने आणि त्यांचे आचार बव्हंशी अबाधित राहिले, आणि त्यांबरोबर मानकऱ्यांची परंपराही राहिली. पुढे 1886 च्या आणि नंतर 1933 च्या कायद्याने महाजनांच्या संस्थांना लेखी चौकट दिली. निवडणूक, हिशेब, अंदाजपत्रक आणि मामलेदाराची देखरेख या सर्व आधुनिक गोष्टी आल्या; पण महाजन कोण, याचे उत्तर जन्माकडेच राहिले. देवाची सेवा करणारे सेवेकरी देवळात रोज असत, परंतु देवळाच्या सभेत नसत.

मानाच्या नारळावरून गावात तट पडतात, वाद मामलेदाराच्या कचेरीपर्यंत जातात, प्रसंगी उत्सवही खोळंबतो. सुशिक्षित माणूस त्याला हसतो. मला ते हसणे उथळ वाटते. नारळाची बाजारातील किंमत क्षुल्लक असते. पण तो प्रथम कोणाच्या हाती पडतो, ही गावाने दरवर्षी नव्याने केलेली जाहीर नोंद असते. ज्याचे नाव त्या नोंदीत खाली सरकते, त्याचे गावातील वजनही खाली सरकते. भांडण असते ते या वजनाचे.

ही वृत्ती देवळापुरतीच आहे, असे आपण समजू नये. भाटकार आणि मुंडकार यांचे उदाहरण घ्या. ज्याच्या भाटात आपले घर उभे आहे, तो मनुष्य शाळासमितीच्या बैठकीत समोर बसलेला असता त्याच्या सूचनेला विरोध कोण करणार? विरोधाची किंमत डोक्यावरचे छप्पर असू शकते. 1961 च्या मुक्तीनंतर 1964 चा कूळकायदा झाला, 1975 चा मुंडकार संरक्षण कायदा झाला, 1976 च्या दुरुस्तीने कुळाला मालकीची वाट मोकळी झाली. हे कायदे जमिनीचे होते. पण माझ्या मते त्यांनी सभेलाही कंठ दिला. राहते घर जाण्याची भीती गेल्यावाचून मताचा अधिकार पुरा होत नाही. मात्र कायदा भीती काढू शकतो, सवय काढू शकत नाही. भाऊसाहेब बांदोडकर 1963 साली मुख्यमंत्री झाले, तेव्हा बहुजन समाजाला राज्याच्या सर्वोच्च खुर्चीवर आपला मनुष्य दिसला. गावातील लहान लहान खुर्च्या बदलायला त्याहून पुष्कळ अधिक वेळ लागला. काही अद्यापही बदललेल्या नाहीत.

फ्रेंच आणि रेव्हन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1959 साली सत्तेचे पाच आधार सांगितले: बक्षीस देण्याची ताकद, शिक्षा करण्याची ताकद, पदाचा अधिकार, ज्ञान आणि व्यक्तीविषयीचा आदर. डिचोलीच्या खाणपट्ट्यात हे पाचही आधार आपण उघड्या डोळ्यांनी पाहिले आहेत. खाण चालू असताना ज्याच्या शब्दावर ट्रकाला फेरी मिळत असे, त्याला जत्रेत, नाटकात आणि वाचनालयाच्या कार्यक्रमातही पुढची खुर्ची मिळत असे. 2012 मध्ये खाणी थांबल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्टे रद्दबातल ठरवले, आणि पाहता पाहता कित्येक पुढच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. ज्यांच्याकडे केवळ बक्षीस देण्याची ताकद होती, त्यांचा मान खाणीबरोबर गेला. ज्यांच्याविषयी आदर होता, त्यांना लोकांनी पुढे बोलावणे सोडले नाही.

आम्ही शिक्षकही याला अपवाद नाही. एका महाविद्यालयातील बैठकांत मी वर्षानुवर्षे पाहिले आहे की, वेळापत्रकातील घोटाळा सर्वांत आधी कळतो तो तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या तरुण अध्यापकाला; कारण तो सर्व वर्गांत फिरतो. पण पुढील वर्षीची नेमणूक ज्यांच्या हाती, त्यांच्यासमोर तो तोंड उघडत नाही. बैठक एकमताने संपते आणि घोटाळा विद्यार्थी भोगतात. असे एकमत हे ऐक्याचे लक्षण नव्हे. माहिती खालच्या पायरीवर आणि निर्णय वरच्या पायरीवर, आणि मधला जिना बंद, अशी ती अवस्था असते.

पंचायतीतही हेच. राज्यघटनेच्या 73 व्या दुरुस्तीने स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या. खुर्ची मिळाली, पण अनेक ठिकाणी आवाज पतीचाच राहिला. जेथे ती स्त्री टिकून राहिली, कागद स्वतः वाचू लागली आणि सचिवाला प्रश्न विचारू लागली, तेथे हळूहळू आवाजही तिचा झाला.

आता अस्मितेविषयी. हेन्री ताजफेल यांनी 1970 च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे शाळकरी मुलांवर प्रयोग केले. पडद्यावरील ठिपके मोजण्यासारख्या क्षुल्लक निमित्ताने मुलांचे दोन गट पाडले आणि त्यांना पैसे वाटायला सांगितले. मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. इतकेच नव्हे, तर दुसऱ्या गटापेक्षा आपण वरचढ राहावे म्हणून आपल्या गटाला काही कमी मिळालेलेही त्यांना चालले. ठिपक्यांवरून हे घडते, तर वाडा, जात आणि घराणे यांवरून काय घडत असेल? दोन वाड्यांच्या चुरशीत संस्थेची इमारत रखडलेली चालते, पण मान दुसऱ्या वाड्याला जाता कामा नये, हे आपल्याला अपरिचित नाही.

तरीही अस्मिता ही केवळ व्याधी नव्हे. देवळांच्या सेवेशी जखडलेल्या ज्या समाजाला प्रतिष्ठा नाकारली गेली, त्याने गोमंतक मराठा समाज ही आपली संस्था उभी केली, मुलांना शिकवले आणि नवे नाव अभिमानाने धारण केले. त्या चळवळीतील राजाराम रंगाजी पैंगिणकर यांच्या आत्मचरित्राचे नावच ‘मी कोण?’ असे आहे. हा प्रश्न ज्याला इतरांनी दिलेल्या उत्तरावर सोडायचा नसतो, त्याला संस्था काढावी लागते. म्हणजे संस्था जशी माणसाला त्याची पायरी दाखवते, तशीच ती पायरी बदलण्याचे बळही देते.

यापैकी आपले ग्रंथालय काय करणार? पणजीचे सार्वजनिक ग्रंथालय 1832 सालचे. पण मराठी वाचणाऱ्या खेड्यातील माणसाला ते दूरचे आणि परके होते. 1910 च्या प्रजासत्ताकानंतर धार्मिक समतेचे वारे वाहू लागले आणि मराठी शाळा व वाचनालये यांना बळ आले. या संस्थांनी शतकभर एक मोठे काम मुकाट्याने केले: देवघेवीच्या वहीत भाटकाराच्या नावाखाली मुंडकाराच्या मुलाचे नाव लिहिले. क्रम पुस्तक नेण्याचा होता, मानाचा नव्हता. वहीतील ही समता सभेत आणणे, हे पुढच्या शतकाचे काम होय.

त्यासाठी मोठे तत्त्वज्ञान नको. काही साध्या चाली पुरेत. प्राचीन ज्यू न्यायसभेत देहान्त शिक्षेच्या खटल्यात कनिष्ठ सदस्य आधी मत देत, कारण ज्येष्ठांचे मत ऐकल्यावर कनिष्ठांची जीभ अडखळते. आपल्या कार्यकारी मंडळातही सर्वांत नव्या सभासदाने आधी बोलावे आणि अध्यक्षांनी शेवटी. वादग्रस्त प्रश्नावर हात वर करण्याऐवजी चिठ्ठीने मतदान व्हावे. वाचकांची सूचनावही प्रत्येक बैठकीत मोठ्याने वाचली जावी. ग्रंथपालाला बैठकीत हक्काने बोलता यावे. कोणते पुस्तक कोण मागतो, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक? एकच मनुष्य एकाच पदावर अनेक मुदती राहू नये, तो कितीही कर्तबगार असला तरी. आणि आश्रयदात्यांची क्षमा मागून म्हणतो, त्यांचे नाव भिंतीवरील फलकावर कृतज्ञतेने कोरावे. पुस्तकखरेदीच्या यादीत मात्र त्यांचा शब्द इतर वाचकाच्या शब्दाइतकाच असावा.

या स्मरणिकेत अध्यक्षांची आणि कार्यवाहांची यादी छापली जाईल, ती छापावीच. त्याबरोबर ज्या शिपायांनी शंभर पावसाळे या पुस्तकांना वाळवीपासून जपले, त्यांचीही नावे शोधून छापावीत, अशी माझी विनंती आहे. जुन्या पगारवहीत ती सापडतील.

माझे म्हणणे ज्यांना पटले नसेल, त्यांनी ते आता उठून सांगावे. मागच्या रांगेपासून सुरुवात झाली, तर मला विशेष आनंद होईल.