जन्म रत्नागिरीत, मृत्यू मुंबईत



जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्यांना अलीकडे बरे दिवस आले आहेत. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींच्या शोधात गाव नमुना चौदाची बाडं फडताळांतून बाहेर निघाली. मोडी वाचणाऱ्यांना मान मिळाला, याचा मला आनंदच आहे. पण बोट फिरतं ते जातीच्या रकान्यावरून. बाकीचे रकाने वाचायला आपल्यासारख्या रिकामटेकड्यांनीच बसायला हवं.

दोन महायुद्धांमधल्या काळात खेड्यातली नोंद करायचा पोलीस पाटील. देवी, पटकी, प्लेग त्याला ओळखू येत. उरलेली बरीचशी मरणं तो 'ताप' या सदरात टाकी. हिवताप, विषमज्वर, बाळंतपणातला ज्वर, सगळे तिथेच. या सदरावरून हिवतापाचा आलेख काढणारे अभ्यासक पाहिले की मला धडकी भरते.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात याहून मोठी गोम आहे. १९२१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती पावणेबारा लाख होती आणि त्यांतले दोन लाखांहून अधिक लोक जन्माने रत्नागिरीचे. गिरणीत पुरुष, गावात बायका. म्हणून तर जिल्ह्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त. मुंबईत बिऱ्हाड असलं तरी बाई बाळंतपणाला बोटीने गावी यायची. जन्माची नोंद गावच्या पाटलाकडे. मूल काही महिन्यांचं झालं की मायलेकरं परत चाळीतल्या खोलीत, आणि तिथे ते दगावलं तर मृत्यू मुंबई म्युनिसिपालिटीच्या वहीत. त्याच १९२१ मध्ये मुंबईचा बालमृत्युदर हजारी ६६७ च्या घरात गेला. हा आकडा पुस्तकापुस्तकांतून फिरतो. पण भागाकारातला वरचा आकडा मुंबईचा असला, तरी खाली यायला हवे होते ते कित्येक जन्म आमच्या दापोली-देवगडच्या वह्यांत पडून होते.

यावरून मुंबईच्या खोल्या निर्दोष ठरत नाहीत, हे आग्रहाने सांगतो. दुरुस्ती केली तरी दर भयंकरच उरतो. गफलत त्या काळच्या अधिकाऱ्यांनाही ठाऊक होती. ती दाखवून चाळींकडे डोळेझाक करणं मालकांच्या सोयीचं होतं, एवढंच.

उलटा प्रवासही होता. गिरणीत क्षय जडलेला माणूस अखेरीला गावी येई आणि गावच्या वहीत मरे. कापसाच्या धुळीने आणि कोंदट खोलीने घेतलेला बळी रत्नागिरीच्या हवेच्या माथी. त्यामुळे 'जिल्ह्याचा मृत्युदर' असं स्वतंत्र काही या काळात मला तरी दिसत नाही. मुंबई आणि रत्नागिरी हा एकच हिशेब आहे, दोन दप्तरांत फाटलेला.

तेव्हा परिषदेपुढे माझी एकच सूचना आहे. सबंध जिल्हा हाती घेऊ नये. एक तालुका घ्यावा, १९१९ ते १९३९ या वर्षांच्या जेवढ्या वह्या हाती लागतील त्यांच्या सगळ्या रकान्यांची छायाचित्रं घ्यावीत आणि तेवढ्याच वर्षांच्या गिरणगावातल्या मृत्युनोंदींशी बापाचं नाव, गाव पडताळून पाहावं. बऱ्याच ठिकाणी मुलाला नावच नसेल, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी', जुळवणी चुकेलही. काम रटाळ आहे, अनुदान मिळेलसं वाटत नाही. मोडी येणाऱ्यांनी दुपारच्या सत्रानंतर कार्यवाहांकडे नावं द्यावीत.