सिकलसेलग्रस्त बालक आणि त्याचे कुटुंब



सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला पांढुर्णा-सौसरचा परिसर संत्र्यासाठी आणि कापसासाठी प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तहसिली छिंदवाडा जिल्ह्यातून विलग होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. कार्यालये नवी झाली. परंतु विदर्भाप्रमाणेच या भागातही काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले एक दुखणे जुनेच आहे. त्याचे नाव सिकलसेल.

सिकल म्हणजे विळा. या आजारात गोल व लवचिक असणाऱ्या तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग असह्य वेदना, रक्तक्षय, वारंवार ताप. मूल जन्मतः चांगले दिसते. सहा महिन्यांनंतर एखाद्या दिवशी त्याच्या हातापायांची बोटे सुजतात आणि घरात नजर लागल्याची चर्चा सुरू होते. आदिवासी समाजात या आजाराचे प्रमाण अधिक असले, तरी तो त्यांच्यापुरता मर्यादित नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातीलच शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट असून तपासणीसोबत समुपदेशनही अपेक्षित आहे. तपासणीचे आकडे अहवालात सहज भरता येतात. समुपदेशनाचे तसे नाही, आणि म्हणूनच ते मागे पडण्याचा धोका असतो. वस्तुतः ज्या घरात अहवालाचा कागद पोहोचला पण तो समजावून सांगणारे माणूस पोहोचले नाही, त्या घरात कागदाने अपायच होण्याचा संभव अधिक.

पहिला अपाय आईला. "हे तुझ्या माहेरचं दुखणं" असे सासू म्हणते, नवरा गप्प राहतो आणि रात्रभर मुलाचे पाय चोळत बसलेली बाई ते ऐकून घेते. शास्त्र मात्र निराळेच सांगते. हा आजार मुलाला होतो तेव्हा सदोष गुण आई आणि वडील या दोघांकडूनही आलेला असतो. ज्याच्याकडे असा एकच गुण आहे तो वाहक. तो सामान्यतः निरोगी असतो, शेतीची सर्व कामे करतो. म्हणून समुपदेशकाने केवळ आईला बाजूला बोलावून सांगणे पुरेसे नाही. ओसरीवर सासू-सासरे, नवरा असे सर्व बसलेले असताना हे सांगावयास हवे.

दुसरा गैरसमज हिशेबाचा आहे. आई-वडील दोघेही वाहक असल्यास मूल रोगग्रस्त होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारात एक. हे ऐकून पुष्कळ दांपत्ये असे समजतात की, एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुखरूप. तसे नाही. प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी हिशेब नव्याने मांडला जातो. गर्भावस्थेच्या आरंभीच्या महिन्यांत याची तपासणी करता येते. ती करावी की नाही, हा निर्णय त्या दांपत्याचा. समुपदेशकाने माहिती द्यावी, निर्णय लादू नये.

वाहक मुलीचे लग्न मोडणे हा तर निव्वळ अज्ञानाचा प्रकार आहे. प्रश्न जोडीदारही वाहक किंवा रोगग्रस्त असल्यासच उद्भवतो, आणि तोही दोघांनी विचार करून सोडवण्याचा. याच कारणास्तव तपासणीचा निकाल चावडीवर वा वर्गात मोठ्याने वाचणे सर्वथा अनुचित होय.

घरी करावयाच्या गोष्टी साध्या आहेत, पण त्या रोज कराव्या लागतात. मुलाने भरपूर पाणी प्यावे. पोळ्याच्या दिवसांतील पावसात भिजू नये. पौष-माघातील पहाटे थंड पाण्याने अंघोळ करू नये. फॉलिक ॲसिडची गोळी चुकवू नये. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध वेदनांचे झटके कमी करते, मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली व वेळोवेळी रक्त तपासूनच घ्यावयाचे असते. जोराचा ताप, धाप, पोटात डावीकडे वाढलेली पानथरी किंवा एकाएकी आलेला फिकेपणा दिसताच रुग्णालय गाठावे. सकाळची वाट पाहू नये.

शिक्षकांचा वाटाही मोठा आहे. पाण्याची बाटली वर्गात ठेवू देणे, लघवीला जाण्यास न अडवणे, कवायतीत दमल्यावर बसू देणे, एवढ्याने पुष्कळ साधते. महिन्यातून आठ दिवस गैरहजर राहणारा मुलगा आळशी नसतो. बहुधा त्या आठ दिवसांत तो झोपलेलाही नसतो. त्याची निरोगी भावंडेही दुर्लक्षाने कोमेजतात, हे घरच्यांच्या लक्षात क्वचितच येते.

अशा कुटुंबांना परस्परांचा आधार फार मोलाचा वाटतो. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेल रुग्ण व त्यांचे नातेवाईक यांच्यासाठी दीर्घकाळ कार्य केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आठवडी बाजाराच्या दिवशी चार-सहा आई-वडील आरोग्य केंद्रात तासभर एकत्र बसले, तरी तसा आधार येथेही उभा राहू शकेल.

दिव्यांगजन अधिकार अधिनियम, २०१६ मध्ये नमूद एकवीस प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रावरील टक्केवारी वैद्यकीय तपासणीनंतर ठरते. तपासणीच्या दिवशी मूल वरवर ठणठणीत दिसू शकते. म्हणून रक्ततपासणीचे अहवाल, रुग्णालयात भरती झाल्याचे कागद आणि रक्त चढविल्याच्या नोंदी पालकांनी जपून ठेवाव्यात व त्या दिवशी सोबत न्याव्यात.