एका छपराखाली कारागीर आणि आरेखक



कऱ्हेकाठचे मोरगाव मयूरेश्वरामुळे साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. बारामती-इंदापूरचा हा जिराईत पट्टा मेंढपाळांचाही आहे. धनगराने लोकर कातरावी, घरातील स्त्रियांनी सूत काढावे, सणगराने ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणावी, अशी ही पिढ्यान्‌पिढ्या वाटून घेतलेली कामे. गिरणीची स्वस्त ब्लँकेटे आली आणि घोंगडीची मागणी ओसरली. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी; तिला भाव राहिला नाही. कातरलेली लोकर टाकून देण्याची पाळी अनेक मेंढपाळांवर आली.

यावर उपाय म्हणून कारागिरांना नवे नमुने द्यावेत, असे सुचविले जाते. तथापि शहरात बसून कागदावर काढलेली नक्षी मागावर जशीच्या तशी उतरत नाही. उभे पट्टे ताणा करतानाच ठरतात, आडवे पट्टे बाण्यातून येतात. सूत किती ताण सोसेल, हे विणकराचा हातच जाणतो. उलट, याच लोकरीचे आसन, गालिचा वा पिशवी होऊ शकते आणि तिला गिऱ्हाईक कोठे मिळेल, हे आरेखकाला अधिक चांगले कळते. दोघांचे ज्ञान अपुरे असते. म्हणून दोघांनी एकाच छपराखाली बसणे अगत्याचे ठरते.

असा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने १९५०नंतरच्या दशकात मुंबईत विणकर सेवा केंद्र सुरू झाले. तेथे चित्रकार, रंगारी आणि विणकर शेजारी शेजारी काम करीत. प्रभाकर बरवे यांच्यासारख्या श्रेष्ठ चित्रकाराने आयुष्याची अनेक वर्षे या केंद्रांच्या सेवेत घालविली. नमुना फसला तरी विणकराची त्या दिवसाची भाकरी बुडत नसे, कारण चित्रकाराप्रमाणे तोही पगारी होता. या व्यवस्थेचे मर्म तेथेच आहे.

याच परंपरेतील भास्कर कुलकर्णी डहाणूच्या वारली पाड्यांवर गेले. त्यांनी तेथील लोकांना नक्षी शिकविली नाही. कागद आणि रंग पुरविले आणि चित्र त्यांच्यावर सोपविले. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची कला त्यातून जगापुढे आली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्राखाली नाव कलावंताचेच राहिले.

सहभाग नसला की काय घडते, तेही अलीकडेच दिसले. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीच्या प्रदर्शनात कोल्हापुरी घाटाच्या वहाणा झळकल्या. कारागिरांचा मात्र उल्लेख नव्हता. वास्तविक कोल्हापुरी चपलेला २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळालेले होते. टीका झाल्यावर कंपनीने त्या वहाणांचे मूळ मान्य केले आणि त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. जे आरंभी व्हावयास हवे होते, ते वादानंतर झाले.

मोरगाव परिसरात लोकर आहे आणि मयूरेश्वराच्या व जवळच्या जेजुरीच्या खंडोबाच्या यात्रेकरूंच्या रूपाने गिऱ्हाईकही दाराशी आहे. दोन माग, रंगाची भांडी आणि आरेखनाचे एक मेज असलेली सामाईक कामशाळा येथे उभी राहू शकते. मात्र तीन गोष्टी आधी ठरल्या पाहिजेत : प्रयोगाच्या दिवसांची मजुरी विणकराला मिळावी, नमुन्यावर दोघांचीही नावे असावीत, आणि विक्रीतील वाटा, सूत काढणाऱ्या स्त्रीच्या वाट्यासह, लेखी असावा. एवढे झाले नाही, तर नवा नमुना शहरात विकला जाईल आणि माग मात्र रिकामाच राहील.