गर्दी हवी की एकांत?

लग्नघरात कुणी पंगतीत वाढता वाढता सगळ्या पाहुण्यांशी बोलून ताजंतवानं होतं, तर कुणी अक्षता पडल्या की गच्ची गाठतं. या दुसऱ्याला आपण लगेच माणूसघाणा म्हणून मोकळे होतो. हा अन्यायच आहे.

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली अंतर्मुख, म्हणजे एकांतात रमणाऱ्या, आणि बहिर्मुख, म्हणजे माणसांत रमणाऱ्या वृत्तींची सविस्तर मांडणी केली. पुढे लंडनचे मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी १९६७मध्ये या फरकाचं कारण मेंदूत शोधलं. त्यांच्या मते अंतर्मुखाचा मेंदू मुळातच अधिक जागा असतो, त्यामुळे थोडा गोंगाटही त्याला पुरे होतो. बहिर्मुखाला बाहेरून चेतना लागते. आज हे सूत्र इतकं सरळ मानलं जात नाही. बहुतेक जण तर या दोन टोकांच्या मधेच असतात.

लाजाळूपणा मात्र निराळा. लाजाळू माणसाला मिसळायचं असतं, पण भीती आड येते. अंतर्मुखाला भीती असेलच असं नाही. त्याला चार माणसं पुरतात. पण ती चार लागतातच! मानसशास्त्रज्ञ बाउमाइस्टर आणि लिअरी यांनी १९९५ साली हेच मांडलं, की आपुलकीच्या टिकाऊ नात्यांची गरज सगळ्यांनाच असते. आपले तुकोबाही भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांत शोधत, आणि देहूत कीर्तनालाही उभे राहत.